सरंजाम, वहिवाट आणि हेग: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वाटेवर निघालेल्यांसाठी

जेसप मूट कोर्टसाठी आम्ही लिहिलेल्या पहिल्या मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी बाजूत, अधिकारक्षेत्रावर, म्हणजे हा खटला ऐकायचा न्यायालयाला अधिकार आहे का यावर, जेमतेम दोन पानं होती. बाकी सगळी पानं आमचा देश कसा बरोबर आणि समोरचा कसा चूक, यातच खर्ची पडली होती. मी तेव्हा पुण्यात लॉच्या तिसऱ्या वर्षाला होते. जेसप ही जगभरातल्या लॉच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा. दोन काल्पनिक देशांचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे चालला आहे असं धरून दोन्ही बाजूंनी लढायचं. माझी पाळी आली, मी उभी राहिले, 'मे इट प्लीज द कोर्ट' म्हटलं, आणि बेंचवरच्या बाईंनी विचारलं, "समोरचा देश या न्यायालयात यायला कधी कबूल झाला? कागद दाखवा."

माझ्याकडे वीस मिनिटं होती. त्यातली सतरा या एका प्रश्नात गेली. ज्या मुद्द्यांवर आम्ही महिनाभर रात्री जागवल्या होत्या, त्यातला एकही मला मांडता आला नाही.

रात्री साताऱ्याला घरी फोन केला. माझे बाबा तालुक्याच्या कोर्टात वकिली करतात. बांध, पाट, शेतरस्ता, वाटप असले दावे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे समन्स बजावलं की प्रतिवादीला यावंच लागतं. नाही आला तर एकतर्फी निकाल. तुमच्या त्या कोर्टाला समन्स काढता येत नाही का?" मी म्हटलं, "नाही बाबा, दोन्ही देशांनी आधी कबुली दिलेली असेल तरच." ते म्हणाले, "मग ते कोर्ट कसलं?"

या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने बाबांचा हा प्रश्न मनापासून स्वतःला विचारावा असं मला वाटतं. मला त्याचं उत्तर सापडायला काही वर्षं लागली. हा लेख त्या शोधाबद्दल आहे आणि वाटेत जे उपयोगी पडलं त्याबद्दल.

आधी एक घोळ मिटवू. हेगचं नाव काढलं की निम्मी माणसं युद्धगुन्हेगारांचा विषय काढतात. ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते व्यक्तींवर खटले चालवतं, त्याची इमारत वेगळी, त्याचा करार वेगळा, आणि भारत त्याचा सदस्य नाही. मी ज्याबद्दल लिहिते आहे ते संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. १९४६पासून ते पीस पॅलेसमध्ये बसतं. त्याच्यापुढे दाव्यात फक्त देश उभे राहू शकतात. तुम्ही, मी, एखादी कंपनी किंवा संस्था तिथे दावा लावू शकत नाही. न्यायाधीश १५, मुदत ९ वर्षं, निवड आमसभा आणि सुरक्षा परिषद मिळून करतात. खटल्यातल्या देशाचा न्यायाधीश त्या १५ जणांत नसेल, तर त्या खटल्यापुरता त्याला आपला एक तदर्थ न्यायाधीश नेमता येतो.

आता कबुलीबद्दल. देश या न्यायालयात येतात ते मुख्यतः तीन वाटांनी. दोघांनी मिळून 'आमचा हा वाद सोडवा' असा खास करार केला, ही पहिली. एखाद्या जुन्या तहात किंवा करारात 'वाद झाला तर हेगला जाऊ' असं कलम असलं, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे न्यायालयाच्या संविधीतल्या, म्हणजे न्यायालय ज्यावर चालतं त्या मूळ कायद्यातल्या, ३६व्या कलमाखाली देशाने आगाऊ देऊन ठेवलेली जाहीर कबुली: ज्या देशाने अशीच कबुली दिली आहे, त्याने माझ्यावर दावा लावला तर मी येईन. सत्तरहून अधिक देशांनी अशी कबुली दिलेली आहे, आणि बहुतेकांनी तिला अटी चिकटवलेल्या आहेत. भारतानेही.

अटी वाचायची सवय इथेच लावून घ्या. ऑगस्ट १९९९मध्ये भारतीय हवाई दलाने कच्छच्या सीमेवर पाकिस्तानच्या नौदलाचं एक विमान पाडलं. पाकिस्तान हेगला गेला. भारताच्या कबुलीत अट होती की राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद यात येत नाहीत, आणि पाकिस्तान राष्ट्रकुलात होता. जून २०००मध्ये न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की आम्हाला अधिकारक्षेत्र नाही. विमान कुठे होतं, चूक कुणाची होती, यावर न्यायालय एक शब्दही बोललं नाही. खटला दारातच संपला.

मूटमधल्या त्या बाई मला हेच दार दाखवत होत्या.

पण मला या विषयाची खरी गोडी लागली ती एका जुन्या खटल्यामुळे. एल.एल.एम.साठी मी २०१६ साली नेदरलँड्समध्ये लायडनला गेले. तिथून हेग ट्रेनने पंधरा मिनिटांवर. हॉलंड्स स्पोर स्टेशनबाहेर १ नंबरची ट्राम घेतली की ती थेट पीस पॅलेसच्या फाटकासमोर सोडते. न्यायालयाची सुनावणी असो नसो, आवारातलं ग्रंथालय विद्यार्थ्यांना खुलं असतं, आणि माझे शनिवार-रविवार सोडून उरलेले दिवस तिथेच जायचे. एका दुपारी न्यायालयाच्या जुन्या निकालांचे खंड चाळताना 'पोर्तुगाल विरुद्ध भारत' हे नाव दिसलं. १९६०चा निकाल. डाव्या पानावर फ्रेंच, उजव्या पानावर इंग्रजी, असे हे खंड छापलेले असतात. वाचता वाचता एका ओळीवर मी थबकले. इंग्रजी वाक्याच्या मधोमध शब्द होता: सरंजाम.

परक्या देशात, त्या शांत वाचनालयात, आपला शब्द असा अचानक समोर येतो तेव्हा काय वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही. मी तो परिच्छेद तीनदा वाचला, मग पहिल्या पानापासून सगळा निकाल वाचायला घेतला, आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत उठले नाही.

प्रकरण असं होतं. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांच्या ताब्यातले दोन मुलूख दमणपासून आत, चहूबाजूंनी भारताच्या जमिनीने वेढलेले. जुलै-ऑगस्ट १९५४मध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर गटांच्या स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. त्यांत महाराष्ट्रातून आणि गोव्यातून गेलेले कितीतरी जण होते, संगीतकार सुधीर फडकेही होते. भारताने मधला रस्ता पोर्तुगीजांना बंद केला होता. पोर्तुगालचं म्हणणं, दमणहून आमच्या मुलखात जायचा रस्ता हा आमचा हक्क आहे आणि भारताने तो मोडला.

मी हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा बाबा हसले नाहीत, की 'काय ते आंतरराष्ट्रीय' म्हणाले नाहीत. ते एकदम सावरून बसल्यासारखे बोलले, "अगं, हा तर वहिवाटीचा दावा. मामलेदारापुढे चालतो तसाच."

तसाच होता! फक्त त्याच्या आधी दार होतं. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राची कबुली दिली आणि तीनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारतावर दावा लावला. भारताची कबुली १९४० सालापासून होती. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. त्यातली एक अशी की हे तीन दिवसांत गाठणं बरोबर नाही, आम्हाला कळायलाही वेळ मिळाला नाही. न्यायालयाने १९५७मध्ये सांगितलं, कबुलीचा कागद संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे जमा झाला की काम झालं, थांबायची मुदत कुठे लिहिलेली नाही. चार हरकती फेटाळल्या, दोन पुढच्या सुनावणीत ठेवल्या.

भारत यातून शिकला. १९७४च्या भारताच्या कबुलीत एक अट दिसते: दावा लावण्याआधी १२ महिन्यांच्या आत ज्याने कबुली दिली असेल, त्याचा दावा आम्हाला चालणार नाही. तो कागद वाचताना मला ती अट नुसती अट वाटली नाही. जुनी ठेच लागलेल्या माणसाने पायरीवर दिवा लावून ठेवावा तशी ती वाटली. कुठल्याही देशाची कबुली वाचताना प्रत्येक अटीमागे कुठला खटला आहे, ते शोधायला लागा. या विषयाचा अर्धा इतिहास त्या अटींत आहे.

आता सरंजाम. हा मुलूख पोर्तुगीजांकडे आला कसा? १७७९चा पुण्याचा तह आणि त्यानंतर १७८३ व १७८५च्या मराठ्यांच्या सनदा. पोर्तुगालचं म्हणणं, तहाने गावांचं स्वामित्व आम्हाला मिळालं. भारताचं म्हणणं, दिला तो सरंजाम, वर्षाला १२,००० रुपये वसुलाचा हक्क. जमीन नाही, राज्य नाही. न्यायालयापुढे तहाचे वेगवेगळे पाठ आणि भाषांतरं ठेवली गेली. न्यायालयाने सनदांकडे बोट दाखवलं आणि म्हटलं की दिलं गेलं ते जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. मराठ्यांनी दिलेला असा हक्क म्हणजे मुलखाचं दान, असं ठरलेलं एकही उदाहरण आपल्यापुढे आलेलं नाही, असंही न्यायालय म्हणालं.

पुण्यात शिकत असताना एका उन्हाळ्यात मी मोडी शिकले होते, निव्वळ आवड म्हणून. आई म्हणायची, वकिलीत याचा काय उपयोग? पेशवाईतला दरबारी कागद मोडीत लिहिला जायचा. त्यातला एक शब्द कुणी 'स्वामित्व' म्हणून भाषांतरित केला आणि कुणी 'वसूल' म्हणून, तर दोन देशांच्या खटल्याचा पाया हलतो. त्या दिवशी ग्रंथालयात मला वाटलं, माझ्यासारख्या मुलीलाही इथे जागा आहे. इंग्रजी सफाईदार नसेल, मोठ्या शहरातली नसेन, पण हा कागद मला वाचता येतो.

भारताचा मुद्दा इथे जिंकला, पण पुढे न्यायालय म्हणालं की १८१८नंतर इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांचा ताबा आहे तसा मानला, आणि त्या मानण्यातून पोर्तुगालचं स्वामित्व उभं राहिलं. भारतानेही पुढे मुकाट्याने ते मान्य केलं. मग रस्त्याचं काय? इथे निकालाचा सगळ्यात सुंदर भाग आहे. सव्वाशे वर्षं खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल त्या रस्त्याने ये-जा करत होते. कुणी अडवलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, दोन देशांत एवढी जुनी एकसारखी रीत असेल तर ती दोघांपुरती रूढी होते आणि तिच्यातून हक्क येतो. ११ विरुद्ध ४. पण सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांचं तसं नव्हतं. त्यांना प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागायची. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातही तसंच ठरलं होतं. ज्याला परवानगी मागावी लागते त्याला हक्क नसतो. ८ विरुद्ध ७, एका मताने.

बाबांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "परवानगीने वापरलेला रस्ता वहिवाटीचा होत नाही, हे तर आम्ही रोज सांगतो." आणि शेवटी? हक्क होता, पण १९५४च्या तणावात रस्ता रोखणं हे भारताच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसत होतं, म्हणून भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही. ९ विरुद्ध ६. तारीख १२ एप्रिल १९६०. भारताच्या वतीने तदर्थ न्यायाधीश होते महंमद करीम छागला. दावा लागला आणि १९५७चा टप्पा पार पडला तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

निकालाच्या दिवशी दादरा-नगर हवेलीत वरिष्ठ पंचायतीचा, म्हणजे मुक्तीनंतरच्या स्थानिक प्रशासनाचा, कारभार चालू होता. पुढच्याच वर्षी तो प्रदेश भारतात सामील झाला आणि १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला.

मी नव्या मुलांना आवर्जून हा निकाल वाचायला सांगते. एका खटल्यात सगळं आहे: दार, तह, भाषांतर, रूढी, मौन, आणि एका मताचं अंतरही. वाचायची पद्धत मात्र उलटी ठेवा. शेवटच्या पानावर न्यायालयाने नेमकं काय ठरवलं त्याची कलमं असतात, प्रत्येकापुढे मतांची संख्या असते. ती आधी वाचा. मग दोन्ही देशांनी काय मागितलं होतं ते वाचा. मागितलं काय आणि मिळालं काय, यातला फरक कळला की मधली शंभर पानं आपोआप उलगडतात.

हा फरक किती महत्त्वाचा, ते मला आईमुळे कळलं. मे २०१७मध्ये मी लायडनमध्येच होते. पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारताने ८ मे रोजी पाकिस्तानवर दावा लावला, १५ला सुनावणी झाली आणि १८ला न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिला की अंतिम निकालापर्यंत फाशी होऊ नये. दहा दिवसांत! सुनावणीला प्रेक्षकांसाठी जागा मोजक्या. मला मिळाली नाही. आम्ही पाच-सहा जणांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून सकाळी भारताची बाजू आणि दुपारी पाकिस्तानची ऐकली. आमच्यात लाहोरचा एक मुलगा होता. तो आणि मी शेजारी बसून टिपणं काढत होतो. संध्याकाळी आम्ही ती एकमेकांशी ताडून पाहिली. दोघांच्याही वहीत पहिल्या पानावर एकच मुद्दा होता, अधिकारक्षेत्र.

राष्ट्रकुलाची अट असताना भारत-पाकिस्तान हेगला कसे गेले, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. उत्तर दुसऱ्या वाटेत आहे. १९६३च्या व्हिएन्ना वाणिज्य दूत कराराला एक ऐच्छिक जोडकरार आहे. त्यात या कराराचे वाद हेगला न्यायची कबुली आहे, आणि दोन्ही देश त्यात सामील होते. म्हणून भारताने दावा त्या कराराच्या ३६व्या कलमापुरता बेतला: अटक झालेल्या माणसाला त्याच्या देशाच्या दूताला भेटता यायला हवं. दार जेवढं होतं तेवढ्याच मापाचा दावा. मला त्या अर्जाची ही काटेकोर आखणी अजून शिकवायला आवडते.

पुढे लेखी कागदांच्या दोन फेऱ्या झाल्या. सप्टेंबर २०१७मध्ये भारताचं मेमोरियल, डिसेंबरमध्ये पाकिस्तानचं उत्तर, मग २०१८मध्ये प्रत्युत्तर आणि त्यावर उत्तर. फेब्रुवारी २०१९मध्ये तोंडी सुनावणी. १७ जुलै २०१९ला निकाल. तेव्हा मी सुट्टीला घरी होते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. न्यायालयाचे अध्यक्ष अब्दुलकावी युसूफ निकाल वाचत होते आणि आई भाजी निवडत ऐकत होती. १५ विरुद्ध १ हे ऐकून टीव्हीवर जल्लोष सुरू झाला. आईने विचारलं, "म्हणजे सुटले का ते?"

मी 'हो' म्हणू शकले नाही. पाकिस्तानने करार मोडला, हे न्यायालयाने ठरवलं. दूताला भेटू द्यावं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी रोखावी, हेही सांगितलं. पण शिक्षा रद्द करा, त्यांना सोडून भारतात पाठवा, या भारताच्या मागण्या न्यायालयाने मान्य केल्या नाहीत. आईने निवडलेली भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मग त्यांच्या आईला काय सांगायचं?" मी गप्प बसले. या कामात कागदामागे माणूस असतो, आणि कागद कुठपर्यंत पोचतो ते त्याच्या घरच्यांना खोटी आशा न देता सांगता आलं पाहिजे.

आता बाबांचा प्रश्न. निकाल कोण पाळतं? लिबिया आणि चाड यांच्यात सीमेवरच्या औझू पट्ट्यासाठी युद्ध झालं होतं. न्यायालयाने फेब्रुवारी १९९४मध्ये पट्टा चाडचा ठरवला आणि मे संपेपर्यंत लिबियाचं सैन्य तिथून निघालं. बंगालच्या उपसागरातल्या सीमेबद्दल बांगलादेशाने भारताला हेगमधल्याच लवादापुढे नेलं. जुलै २०१४मध्ये वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. भारताने तो निवाडा मानला. याच्या उलट १९८६मध्ये निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध निकाल मिळवला, अमेरिका मधूनच खटल्यातून बाहेर पडली होती, आणि निकाल पाळावा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा अमेरिकेनेच नकाराधिकार वापरला. चारही बाजूंनी पाहिलं तर माझं मत असं झालं आहे की देश पाळतात ते मुख्यतः आधी आपणच कबूल झालेलो असतो म्हणून. बेलीफ नाही, पण ती कबुलीच बेलीफाचं बरंचसं काम करते. बाबांना हे अर्धंच पटतं.

कामाचं स्वरूप सांगते, कारण बाहेरून ते फार झगमगीत दिसतं. मी सध्या समुद्रसीमेच्या वादांत वकिलांच्या चमूसाठी संशोधन करते. गेल्या महिन्यातले माझे चार दिवस एकाच खाडीच्या नावात गेले. जुन्या नकाशांत तिचं स्पेलिंग सहा प्रकारे होतं. सहाही नावं एकाच खाडीची आहेत हे कागदांनी दाखवायचं होतं. तळटिपा तपासणं, भाषांतर मूळ कागदाशी जुळवणं, तारखांची वही ठेवणं. उभं राहून बोलणारे वकील मोजकेच असतात, त्यांच्या मागे आमच्यासारखे बरेच. या न्यायालयात बाजू मांडायला वेगळी सनद लागत नाही, देश ज्याला उभं करेल तो उभा राहतो. म्हणूनच देश ओळखीच्या, अनुभवी माणसांकडेच जातात, आणि ते वर्तुळ लहान राहतं. तिथे पोचायला वीस वर्षं लागतात असं धरूनच चाला.

सुरुवातीला काय करावं? मूट कराच, जिंकण्यासाठी नाही, बेंचचा प्रश्न झेलायला शिकण्यासाठी. फ्रेंच आजच सुरू करा. न्यायालयाच्या दोनच अधिकृत भाषा आहेत, आणि फ्रेंच येणारा भारतीय उमेदवार अजूनही कमी सापडतो. मी उशिरा सुरू केलं, त्याची किंमत दोन संधी गेल्या तेव्हा कळली. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्या हेग अकादमीचे उन्हाळी वर्ग पीस पॅलेसच्या आवारातच भरतात. त्यांच्या शिष्यवृत्त्या असतात, अर्ज वेळेत करा. न्यायालयात एखाद्या न्यायाधीशाच्या हाताखाली सुमारे वर्षभर काम करायची फेलोशिप आहे, पण तिच्यासाठी तुमच्या विद्यापीठाने नाव सुचवावं लागतं. म्हणून एल.एल.एम.चं विद्यापीठ निवडताना ते नावं पाठवतं का, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. न्यायालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते आणि हेगमध्ये खोलीचं भाडं जबर आहे. घरच्यांवर कर्ज काढून ती करू नका. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी आणि तह विभागात राहूनही हेच काम जवळून शिकता येतं.

पहिल्या वर्षी मला एका ठिकाणी तीन महिने फुकट राबवून घेतलं आणि शेवटी शिफारसपत्र द्यायलाही टाळाटाळ झाली. तेव्हा फार रडले. आता कुणीही विचारलं तर सांगते, काम सुरू करण्याआधी काय मिळणार ते ईमेलवर लिहून घ्या. कबुली लेखी हवी.

न्यायालयातली एक रीत मला फार आवडते. सुनावणीनंतर प्रत्येक न्यायाधीश आपलं टिपण लिहितो, मग चर्चा होते, मसुदा समिती निकाल लिहिते, दोन वाचनं होतात. शेवटच्या मतदानात सर्वांत कनिष्ठ न्यायाधीश आधी मत देतो, अध्यक्ष सर्वांत शेवटी, ज्येष्ठांच्या वजनाखाली कुणी दबू नये म्हणून. आमच्या चमूतही आम्ही हेच ठेवलं आहे, मसुद्यावर नवा माणूस आधी बोलतो.

मदतनीस हवा असला की मी उमेदवाराला १९६०च्या त्या निकालाची प्रत देते आणि आठवड्याने परत आणायला सांगते. प्रश्न काही देत नाही. गेल्या वर्षी दापोलीकडची एक मुलगी प्रत घेऊन आली. बहुतेकांनी 'सरंजाम'च्या ओळीला रंग फासलेला असतो. तिच्या प्रतीत ती ओळ कोरी होती. परवानगीच्या परिच्छेदाशेजारी मात्र समासात बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: 'ही परवानगी मागत कोण होतं? गव्हर्नर की चौकीवरचा हवालदार? ते पत्र कुठे आहे?'

मी तिला म्हटलं, सोमवारपासून ये.